मातीच्या भट्टीतली काच

काच वितळवायला भट्टी कोणती घ्यावी, काचकामाची का मातीकामाची, या एका प्रश्नावर मी आयुष्याचं सव्वा वर्ष घालवलं. त्या काळी हिंगोलीत असा प्रश्न पडलेली बहुधा मी एकटीच असेन. बाकीच्यांना हळदीचा भाव, बदल्या, भारनियमनाचं वेळापत्रक असे शहाण्यासुरत्या माणसांचे प्रश्न होते. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. हट्टी आणि तापट अशी माझी ख्याती होती आणि ती काही खोटी नव्हती. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर निघेपर्यंत घरच्यांची खैर नसायची.

डोक्यात शिरलेली गोष्ट माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होती. एका रुमालात बांधलेले हिरव्या बांगड्यांचे तुकडे. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे होते. तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या त्या दिवशी मी ते गोळा केले होते.

अक्काला शिरड शहापूरला दिलेली. हिंगोली जिल्हा झाला त्याच्या आदल्या वर्षी, फाल्गुनात, दाजी शेतावर मोटार चालू करायला गेले. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. हात लावला आणि ते जागच्या जागी गेले. अक्का तेव्हा छत्तीस वर्षांची होती, लेकरं शाळेत होती. निरोप आला तेव्हा मी वर्गावर होते. तशीच खडूच्या हातानं स्टँडवर गेले आणि मिळेल त्या गाडीनं निघाले.

दाजींना उचलायच्या आधी बायकांनी अक्काला अंगणात आणून बसवलं. तिच्या चुलत सासूनं दगड मागितला. संक्रांतीला भरलेल्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत नाही, पण मनगट भरून होत्या. अक्का रडत नव्हती. ती फक्त हात मागे घेत होती. एकदा, दोनदा, तीनदा. मग कुणीतरी म्हणालं, "धाकलीला म्हना, हात धर."

मी धरला.

मी, जी शाळेत दरवर्षी मुलींपुढे उभी राहून जुन्या चालीरीतींवर तावातावानं बोलायची, टाळ्या घ्यायची, तिनं बहिणीचं मनगट दोन्ही हातांनी धरून दगडावर टेकवलं. अक्कानं एकदाच माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. मी धरला नसता तर दुसरीनं आडदांडपणे धरला असता, हाताला काच लागली असती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. ते खरंही आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात तसलं काही नव्हतं. चार बायका काय म्हणतील याची मला भीती वाटली, एवढंच. याची लाज मला आजही वाटते.

बायका आंघोळीला गेल्यावर मी अंगणात बसून तुकडे वेचले. असे तुकडे घरात ठेवत नाहीत, कुणी पाहिलं असतं तर मलाच बोल लागला असता. मी ते का वेचले, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आमचं माहेर साखऱ्याचं. तिथं लहानपणी आम्ही दोघी गावभरच्या फुटक्या बांगड्या गोळा करायचो. अक्का चिमणीच्या ज्योतीवर एकेक तुकडा धरायची, तो मऊ झाला की वाकवून दुसऱ्यात अडकवायची आणि त्याची माळ करायची. माझा हात थरथरायचा, तिचा कधीच नाही. फुटलेली काच पुन्हा जोडता येते हे मला तिनंच शिकवलं होतं. त्या दिवशी रुमाल बांधताना मनात काही असेल तर ते हेच असावं.

पुढची पाच-सहा वर्षं रुमाल कपाटात राहिला. मी महिन्या-दोन महिन्यांनी अक्काकडं जायची. सोयाबीन कसं आहे, थोरल्याचा दहावीचा अभ्यास, विहिरीचं पाणी, असं बोलणं व्हायचं. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही आणि माझी छाती झाली नाही.

मग एका उन्हाळ्यात पुण्याला कलाशिक्षकांचं शिबिर झालं. तिथं एका बाईंनी काचेचे तुकडे एकमेकांवर रचून भट्टीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची एकसंध ताटली बाहेर काढली. जोड कुठं होता ते शोधूनही सापडेना. सगळे वा वा करत होते. मला मात्र रुमालातले तुकडे दिसत होते. अक्काच्या बांगड्या मी अशा एकजीव करून तिला परत देईन, असं मी तिथंच ठरवलं. मी जे केलं ते पुसलं जाणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी हातात काही घेऊन तिच्यापुढं जाता आलं असतं आणि मग कदाचित तोंड उघडलं असतं. काच एवढीशीच होती, ओंजळभर. बिघडली तर दुसरी आणता येणार नव्हती.

शिबिर संपल्यावर मी पुण्याबाहेरच्या एका भट्ट्या बनवणाऱ्याचा पत्ता काढून तिथं गेले. ते वयस्कर गृहस्थ होते, बोलणं मोजकं. त्यांनी मला दोन्ही भट्ट्या शेजारी शेजारी दाखवल्या. काचकामाची भट्टी पसरट पेटीसारखी, उथळ. तापायच्या तारा तिच्या झाकणात होत्या. मातीकामाची भट्टी खोल, जाड विटांची, आणि तारा सगळ्या बाजूंनी भिंतीत बसवलेल्या.

"काच करायची तर ही घ्या," त्यांनी पेटीवर हात ठेवला. "वरून ऊन पडावं तशी आच सगळीकडं सारखी पडते. मातीच्या भट्टीत आच बाजूनं येते. काचेच्या कडा आधी तापतात, मधला भाग मागं राहतो. या ओढाताणीत काच तडकते."

"आमच्याकडं लाईट जाते," मी म्हणाले.

"किती वेळ?"

मी सांगितलं. पेपरात छापून येतं तेवढा वेळ जाते, आणि न छापलेला वेळ वेगळा.

त्यांनी पेटीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "बाई, मग अवघड आहे. या पेटीच्या भिंती पातळ. लाईट गेली की ही झपाट्यानं निवते आणि काचेला झपाट्यानं निवणं सोसत नाही. मातीच्या भट्टीच्या विटा जाड असतात, त्या दिवसभर ऊब धरतात." आणि हसून म्हणाले, "तुमच्या गावाला काच करायचा नाद लागला कसा?"

मला राग आला. गावाला नाद लागला नव्हता, मला लागला होता, आणि त्याचं कारण मी त्यांना सांगणार नव्हते. काही न ठरवता मी परत आले.

मग सुरू झालं ते सव्वा वर्ष. एका वहीत मी डाव्या पानावर काचकामाच्या भट्टीचे गुण लिहायची, उजव्या पानावर मातीकामाच्या. आच सारखी, पण लाईट गेली तर सगळं वाया. ऊब टिकते, पण कडा आधी वितळतात. आज हे पान भरायचं, उद्या ते. त्या गृहस्थांना मी इतकी पत्रं पाठवली की शेवटी त्यांची उत्तरं दोन ओळींची यायला लागली. माझे यजमान एसटी डेपोत कारकून होते. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "नवरा एकदाच बघितलास अन् पसंत केलास. भट्टीचं मात्र वरीस झालं, स्थळंच चालू हायत." मी ताट बाजूला सारलं आणि उठले. नंतर हसू आलं, पण ते त्यांना दिसू दिलं नाही.

शेवटी मातीच्या भट्टीच्या बाजूनं कौल पडला. माझ्या गावात वीज बेभरवशाची होती, आणि ती गेल्यावरही जी ऊब धरून ठेवील तीच भट्टी माझ्या कामाची, असं मी ठरवलं. एका कलाशाळेतली जुनी भट्टी निकालात निघाली होती, ती मिळाली. हिंगोलीहून हळद घेऊन गेलेला ट्रक रिकामा परत येत होता, त्यातून ती आली. परसातल्या पत्र्याच्या खोलीत उतरवली तेव्हा तिच्या विटांत हळदीची पूड भरलेली होती. लाईन ओढायला आलेला वायरमन म्हणाला, "बाई, पिठाची गिरणी टाकून राहिलात का?" मी व्हय म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यानं आणखी दहा प्रश्न विचारले असते.

आधी मी चाचण्या घेतल्या. बाजारातल्या कासाराच्या दुकानात फुटक्या बांगड्यांची टोपली असायची, ती मी मागून आणली. पहिल्या खेपेला भट्टीवाल्या गृहस्थांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. कडेचे तुकडे वितळून गोल झाले, मधले तसेच राहिले आणि चकतीला तीन तडे गेले. मी चिडून झाकण आपटलं. मग मुकाट्यानं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: काच अगदी मधोमध ठेवा, तारांच्या आणि काचेच्या मध्ये विटांचा आडोसा करा, आच फार हळू वाढवा, आणि झाकण उघडायची घाई करू नका. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं होतं. माझा स्वभाव त्यांनी पत्रांवरून ओळखला असणार.

त्यानंतर प्रत्येक रविवारी पहाटे भट्टी लावायची आणि सोमवारी शाळा सुटल्यावर उघडायची, असा क्रम ठरला. सहाव्या-सातव्या खेपेला तळहाताएवढी चकती अखंड निघाली. पुढच्या चारही अखंड निघाल्या. एकदा तर निवता निवता लाईट गेली आणि तरी काच शाबूत राहिली. मी वहीतल्या उजव्या पानाखाली रेघ ओढली. भट्टीची निवड बरोबर होती याचा मला फार अभिमान वाटला.

खरी काच लावायच्या आधी अक्काला सांगायला हवं होतं. मी शिरड शहापूरला गेले. ती ओसरीवर तुरी निवडत बसली होती. मी रुमालाबद्दल सांगितलं, भट्टीबद्दल सांगितलं, दोन भट्ट्यांतला फरकसुद्धा समजावला. ती सुपात बोटं फिरवत ऐकत राहिली.

"करंटनंच फुटल्या," ती शेवटी म्हणाली, "अन् तू करंटनंच जोडून राहिलीस व्हय?"

एवढंच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो होकार समजले आणि चारच्या गाडीनं परत आले.

त्या रविवारी मी रुमाल उघडला. तुकडे धुतले, पुसले, काच चिकटू नये म्हणून भट्टीच्या फळीला पांढऱ्या मातीचा हात दिला आणि कमानीला कमान लावत त्यांची गोल चकती रचली. दुपारपर्यंत भट्टीच्या भोकातून आत नारिंगी उजेड दिसायला लागला. तुकड्यांच्या धारा गोल झाल्या, मग कडा एकमेकींत मिसळल्या. काच एकजीव झालेली मी डोळ्यांनी पाहिली आणि बटण बंद करायला हात नेला, तेवढ्यात लाईटच गेली. मी मोठ्यानं हसले. आता जायचं तर खुशाल जा म्हणाले. विटा संध्याकाळीही हात लावू देत नव्हत्या.

सोमवारी झाकण काढलं. चकती अखंड होती. हिरवी, जाडसर, उजेडात धरली की आत सगळ्या बांगड्यांच्या पुसट रेघा दिसायच्या. मी खोलीत एकटी होते. तिथंच खाली बसून मी रडले.

बुधवारी मी वह्या तपासत होते. चकती समोर टेबलावर होती. तिला कुणी हातही लावला नव्हता. टच्च असा बारीक आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे झाले.

मी भट्टीला दोष दिला, विजेला दिला, आडोशाच्या विटांना दिला. मग तडा नीट पाहिला. तो एका तुकड्याच्या कडेनं सुरू झाला होता आणि तो तुकडा बाकीच्यांपेक्षा जरासा पिवळट होता. दोन्ही भाग घेऊन मी कासाराकडं गेले. तो म्हातारा शिरड शहापूरच्या बाजारालाही बसायचा, अक्काचा हात वर्षानुवर्षं त्यानंच भरला होता. त्यानं काच डोळ्यांजवळ नेली.

"हा सगळा माझाच डझन," तो म्हणाला. "अन् ही एक वरची."

"वरची म्हणजे?"

"सवासनीचा हात भरला की आमी एक जास्तीची देतो ना. पैसं घेत न्हाई तिचं. आशीर्वादाची." त्यानं मागच्या फळीवरचा एक पत्र्याचा डबा दाखवला. "ती ह्या डब्यातून देतो. माझ्या बापापासून तसंच हाय. तिचा माल दुसरीकडून येतो. रंग बराबर दिसतो, पर काच येगळी. निवताना एक जास्त आकसती, एक कमी."

ही रीत मला ठाऊक होती. माझ्याही हातात दर खेपेला ती एक जास्तीची चढवली जायची आणि मी वाकून त्याला नमस्कार करायची. टोपलीतल्या चाचण्यांना ती नडली नव्हती, कारण त्या टोपलीत दुकानात फुटलेला डझनांचाच माल असायचा, डब्यातला नाही. सव्वा वर्ष मी भट्टी पारखली आणि काच पारखायची राहिली. म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाच्या बांगड्या, बाई?" मी सांगितलं. त्यानं काच हळूच खाली ठेवली.

पुढच्या रविवारी मी दोन्ही अर्धुकं घेऊन अक्काकडं गेले. घरात ती एकटीच होती. मी ती तिच्या पुढ्यात ठेवली आणि बोलायला लागले. भट्टी चांगली होती, निवली पण बरोबर होती, एक बांगडी दुसऱ्या काचेची निघाली, ते आधी कळायला हवं होतं, माझंच चुकलं. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. अक्कानं एक अर्धुक उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"एवढे दिस तू हेच करून राहिलीस?"

"व्हय."

"काहून पर?"

तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं. "मी हात धरला होता तुझा."

ती काच खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "ते व्हय," ती म्हणाली. "तू न्हाई तर कुणी दुसरीनं धरला असता. त्या दिसाचं म्या मनात न्हाई ठेवलं."

मला हलकं वाटायला हवं होतं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी विचारलं, "मग कशाचं ठेवलंस?"

"तेरावं झाल्यावर तू आली होतीस. पिशवी घेऊन. मला वाटलं, हिनं बांगड्या आणल्या असतील. दोन का व्हईनात. शिकलेली हाय, मास्तरीण हाय, हिनं घातल्या तर कुणी काय म्हणणार न्हाई. तू पिशवी उघडलीस अन् आतून मोसंबी निघाली." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "पुढच्या खेपेला बी पिशवीकडंच बघितलं म्या. त्याच्या पुढच्या बी. लई दिस बघायची. मग सोडलं."

"तू बोलली का न्हाईस?"

"तू इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांना विचारलं, कासाराला विचारलं, पत्रांवर पत्रं लिहून विचारलं. तिच्या ओसरीवर बसून आच कुठून येते हेसुद्धा तिला समजावलं होतं. तुला काय हवं आहे, हे मात्र मी माझ्या बहिणीला एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती, त्या फाल्गुनातल्या दिवशीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कासाराकडं गेले. माप मला माहीत नव्हतं, त्याला होतं. "सव्वादोन," तो म्हणाला आणि हिरव्या काढून दिल्या. त्याच दुपारी मी त्या घेऊन शिरड शहापूरला गेले. अक्कानं दाराला कडी घातली, मग हात पुढं केला. माप जुनं होतं. एवढ्या वर्षांत तिचा हात वाळला होता, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिनं हात वर केला, खाली केला, आवाज ऐकला.

"ढिल्या हायत," ती म्हणाली.

मी बदलून आणते म्हणाले. तिनं नको म्हणून सांगितलं.

तिनं चारचौघांत त्या कधी घातल्या नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. घरात एकटी असली की ती त्या घालते. दारात कुणाची चाहूल लागली की चटकन काढून फडताळात ठेवते. मी गेले तर काढत नाही.